इंटरव्हलवाले परब

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले विनायक परब पिक्चर अर्धा बघतात. म्हणजे पूर्ण बघतात, पण अर्धा-अर्धा. आज तिकीट काढायचं, इंटरव्हलपर्यंत बघायचं आणि लोक समोशाच्या रांगेत उभे राहिले की हे थेट घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढायचं, इंटरव्हल संपता संपता आत शिरायचं आणि उरलेला बघायचा. आता हे त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर माझं काय जात होतं? पण या दोन अर्ध्यांच्या मधला सगळा वेळ अख्ख्या बिल्डिंगने तोंडाला कुलूप लावून बसायचं असतं.

"पुढचं सांगायचं नाही हां, वहिनी!" हे त्यांचं गुड मॉर्निंग. लिफ्टमध्ये शिरताना कानात बोटं. कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवतानाही कानात बोट, एकाच कानात, कारण दुसऱ्या हातात डबा. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने जिन्यात नुसतं "शेवटी ना..." म्हटलं, तर परब "विठ्ठल विठ्ठल" असं ओरडत गच्चीपर्यंत पळाले. पोरगं त्याच्या शाळेच्या सहलीबद्दल बोलत होतं.

बरं, पिक्चर तरी कुठले? चांगली माणसांची गोष्ट असेल तर नाव काढणार नाहीत. यांना हवेत अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घालून उडणारे लोक, आणि तेही घोळक्याने. एकटा सुपरहिरो यांना चालत नाही. "एकटा काय, कोणीही हिरो होतो, वहिनी. सहा जणांना एकत्र नांदवून दाखवा!" मी दिवसभर शाळेत पाचवी-ब नांदवून येते. मला हे संध्याकाळी साडीची पिनसुद्धा काढलेली नसताना ऐकायचं नसतं. पण परबांचं दार कायम उघडं. ते घरीच मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात, त्यामुळे दारात बसलेले, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि मी किल्ली शोधेपर्यंत त्यांचं परीक्षण सुरू.

परीक्षणही दोन हप्त्यांत. पहिल्या अर्ध्यानंतर "जमेच्या बाजू", दुसऱ्या अर्ध्यानंतर "पडत्या बाजू". हा माणूस जगात प्रत्येक गोष्टीला या दोन बाजू लावतो. मी एकदा हौसेने उपमा पाठवला. रिकामी वाटी परत देताना म्हणतात, "जमेची बाजू, काजू. पडती बाजू, रवा भाजायचा कंटाळा केलात." मी त्यानंतर सहा महिने त्यांच्याकडे काही पाठवलं नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

अर्धा पिक्चर बघण्याचं कारण सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. आतल्या खोलीत त्यांचे मोठे भाऊ आहेत, नाना. नाना तरुणपणी रंगकाम करायचे. एका इमारतीला रंग देताना परांचीवरून पडले, ते कमरेखाली कायमचे लुळे झाले. तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, सगळं परबच करतात. लग्न नाही, नोकरी नाही, गावी गेले तर नानांना गाडीत घालून. दोन तासांच्या वर नानांना सोडायचं नाही हा त्यांचा कायदा, आणि पिक्चर निघतात अडीच-तीन तासांचे. म्हणून इंटरव्हल.

तुम्ही म्हणाल, बिचारा. थांबा. आम्ही सांगून थकलो की अहो, माणूस ठेवा. शेवटी माझ्या नवऱ्याने, संजयने, नर्सिंग ब्युरोतून एक माणूस आणून दिला. चांगला धडधाकट, कामाचा. परब दिवसभर त्याच्या पाठीमागे उभे. "असं नाही. खांद्याखाली हात घाल. अरे, उशी कुठेय? पडती बाजू, तुझी नखं वाढलीत." तिसऱ्या दिवशी तो माणूस पगार न घेता पळाला. मी बसते म्हटलं, तर "तुम्हाला कशाला त्रास." मला त्रास नको म्हणे! आणि रोज संध्याकाळी खलनायकाच्या पडत्या बाजू ऐकवायच्या, तो त्रास नाही.

या सगळ्याचं मूळ एका कॉमिकात आहे, तेही सांगायलाच हवं. हे दोघे भाऊ लहानपणी कुर्ल्याला राहायचे. तिथे एका रद्दीच्या दुकानात भाड्याने कॉमिक मिळायचं, 'अजिंक्य सहा'. सहा महावीर. एक वीज पाडणारी सौदामिनी, एक लोखंड वाकवणारा वज्रनाथ, असे पाच जण दणकेबाज. आणि सहावा टेकू. टेकूची शक्ती एकच. त्याने धरून ठेवलेली वस्तू पडत नाही. पूल, भिंत, डोंगराचा कडा, काहीही. पण जोवर धरलंय तोवर त्याला दुसरं काही करता येत नाही, नाक खाजवलं तरी सगळं खाली. आता ही काय शक्ती झाली? पण परबांचा लाडका हाच.

नाना पडले तेव्हा त्यांना हॉस्पिटलात नवा अंक वाचून दाखवला परबांनी. त्यात गुहेचं छत कोसळतं. टेकू दोन्ही हात वर करून ते धरतो आणि म्हणतो, "तुम्ही निघा!" पाच जण बाहेर पळतात. शेवटच्या चित्रात एकटा टेकू, कपाळावर घाम, आणि खाली 'पुढील अंकी'. पुढचा अंक आलाच नाही. प्रकाशकाने धंदाच बंद केला.

"वहिनी, तो अजून तिथेच उभा आहे," परब मला म्हणाले होते.

"अहो, कागदावरचा आहे तो!"

"कागदावरचा झाला म्हणून काय हात दुखत नाहीत?"

नाना तर त्याहून पुढचे. सकाळी परब दूध घेऊन आले की आतून मालवणीत हाक यायची, "सुटलो काय रे तो?" म्हणजे, सुटला का तो. आणि परब म्हणायचे, "नाय रे अजून." आमच्या घरात ऐकू यायचं. इतकी वर्षं, रोज. मला आधी वाटलं कोणी नातेवाईक तुरुंगात आहे.

आणि यंदा कोणा मोठ्या निर्मात्याला अवदसा आठवली. 'अजिंक्य सहा'वर हिंदीत भव्य पिक्चर! बातमी आली त्या दिवशी परबांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. जाहिरात आली त्या दिवशी मात्र माझं दार बडवलं. "वाट लावली, वहिनी! टेकूचं नाव बदललंय. 'पिलर' म्हणे! पिलर काय, पिलर? मेट्रोचं काम चालू आहे का?" पण जाहिरातीत ती गुहा दिसली होती, दोन सेकंद. छत थरथरताना. तेवढ्यावर नानांनी म्हणे टाळ्या वाजवल्या.

पिक्चर लागला आणि नेमका नानांना ताप चढला. चांगला सणसणीत. परब आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. तेवढ्यात बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी बघून घेतला, मीही, संजयच्या नादाने. खरं सांगते, अगदीच टाकाऊ नव्हता. ती सहा जणं एका ताटात जेवताना भांडतात तो सीन झकास होता, आमच्याकडे मे महिन्यात सगळी चुलत भावंडं जमली की असंच होतं. सौदामिनी झालेली पोरगी तर दृष्ट काढावी अशी. पण सहा जणांच्या सहा एंट्र्या, त्याही सगळ्या सावकाश, केस उडवत! खलनायक कशावर चिडलाय ते त्याला स्वतःला माहीत नाही. मारामारी अशा अंधारात की कोण कोणाला हाणतंय कळेना. आणि शेवटी गुहा. पिलर छत धरतो, पाच जण बाहेर येतात, स्फोट होतो, मिठ्या, गाणं, झेंडा, समाप्त. सहावा कुठाय हे कोणी विचारतच नाही. मेला म्हणत नाहीत, सुटला म्हणत नाहीत. विसरले हो चक्क! एवढे पैसे घालतात आणि माणूस विसरतात!

मला थेटरातच घाम फुटला. समोर राहणाऱ्या त्या दोघांना हे कोण सांगणार? मी बिल्डिंगमध्ये एकेकाला दम भरला, कोणी शब्द काढायचा नाही. संजय सांगणार होता, "परबांचा वेळ वाचेल" म्हणे. त्याला दोन दिवस मीठ कमी घातलं जेवणात.

पिक्चर आपटला. बुधवारी परब माझ्या दारात, स्क्रूड्रायव्हरशिवाय. "वहिनी, नानाचा ताप उतरला, पण उद्या शेवटचा शो. परवा उतरतोय. अर्धा-अर्धा नाही जमणार."

"मोबाइलवर येईल की महिन्याभरात."

"मोबाइलवर? टेकू? अंगठ्याएवढा?" ते दुखावले. मग खाली बघून म्हणाले, "नाना म्हणतोय, बघून ये. तुम्ही... बसाल का?"

हा माणूस पहिल्यांदा काहीतरी मागत होता, आणि तेही कशासाठी! जाऊ नका म्हणावं तर का ते सांगावं लागणार. मी म्हटलं, बसते.

गुरुवारी नानांनी सकाळीच दाढी करून घेतली होती. परबांनी निघण्यापूर्वी मला पाणी, गोळ्या, उशी, पंख्याचं बटण, सगळं तीनदा दाखवलं. गेले, परत आले, पंख्याचं बटण पुन्हा दाखवलं आणि गेले. नाना मोबाइलवर डबलबारीची, दोन बुवांच्या सामन्यातली भजनं ऐकत पडले होते. मध्येच म्हणाले, "बघा हां, आज तो सुटतलो." मी आपली वह्या तपासत बसले. वर बघायची सोय नव्हती.

वह्या निम्म्या झाल्या असतील, तोच दार उघडलं. परब! हातात समोसे.

"अहो, काय झालं? पिक्चर बंद पडला?"

"नाही... इंटरव्हल झाला." ते स्वतःच बावरले होते. "उठलो, समोसे घेतले, रिक्षात बसलो. सवयीने. नाहूर स्टेशन मागे पडलं तेव्हा लक्षात आलं."

मला हसू की कपाळावर हात मारू कळेना. आणि चेहरा तर असा उजळलेला! "वहिनी, जमेच्या बाजू ऐका. टेकूला एंट्री दिलीय! पूल धरतो हो, अख्खा पूल! थेटरात शिट्टी पडली."

"कोणी मारली?"

"मीच."

आतून नाना ओरडले, "मेल्या, अर्धो टाकून इलंस? जा परत! माका काय होवचा नाय. छप्पर काय खाली येना नाय हंयसर!"

परब तिथेच उभे. एक पाय घरात, एक बाहेर. मी समोसे हिसकावून घेतले आणि अक्षरशः ढकलून त्यांना लिफ्टमध्ये घातलं. ढकलताना मनात म्हणत होते, कुठे पाठवतेस या माणसाला, बाई.

ते परत आले तेव्हा नानांचा डोळा लागला होता. परब दाराबाहेर चपला काढत राहिले. निघत नव्हत्या जणू. मी बाहेर गेले.

"विसरले हो त्याला," ते हळूच म्हणाले. "सगळे आले बाहेर. मी शेवटची नावं संपेपर्यंत बसलो. दिवे लागले, झाडूवाला आला. म्हटलं, आता दाखवतील. विसरले."

पडती बाजू म्हणाले नाहीत. माझ्या पाचवी-बमधल्या पोरांची नावं यादीत राहून गेली की ती असाच चेहरा करतात. मला इतका राग आला त्या पिक्चरवाल्यांचा, हातात सापडते तर एकेकाला पट्टी हाणली असती.

आतून नानांची भावाला हाक आली. "इनू? इलंस? सुटलो काय रे तो?"

परबांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि आत गेले. दारात उभं राहून त्यांनी दोन्ही हात वर केले.

"सुटलो म्हणजे? अरे, काय सुटलो! आयकच!" आणि सुरू झाले. पाचही जण बाहेर पडतात. सौदामिनी मोजते, एक, दोन, तीन, चार, पाच. "सहावो खंय?" म्हणते. सगळे मागे फिरतात. वज्रनाथ खांदा लावतो छताला, मग दुसरा, मग तिसरा. सौदामिनी टेकूचा एकेक हात धरून खाली घेते. हात आखडलेत, खाली येत नाहीत, ती चोळते. हे सगळं परब करून दाखवत होते, खोलीभर फिरत, कधी वज्रनाथ होत, कधी छत. जमेच्या बाजू नाहीत, पडत्या बाजू नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने पिक्चरमध्ये एक खोट काढली नाही.

नाना ऐकत होते. तोंड उघडं, डोळ्यांना धार. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "मगे? भायर पडल्यार पयलो खंय गेलो तो?"

परब अडले. एवढं रचलं होतं, सुटल्यावर तो कुठे गेला हे नव्हतं रचलं. हात अजून वरच होते, ते खाली घेतले.

"घराक इलो," ते म्हणाले.

"मेल्या, इतक्या वर्सांनी मोकळो झालो आणि घराक इलो?"

"मगे खंय जातलो?" परब म्हणाले, आणि नानांची उशी सरळ करायला वाकले.

मी वह्या उचलल्या आणि समोर आमच्या घरी आले. संजय दारातच होता. "काय गं, बघितला ना त्यांनी? कळलं ना, शेवटी त्याला विसरतात ते?"

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. "सुटला तो. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून ये. आणि मोबाइलवर आला ना पिक्चर, तर नानांना तो लावून देशील तर बघ!"