अनसूयाबाईंचा साडेचारचा चोर

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच सोमवारी रामटेकेभाऊंनी बारा हजार रुपये भरून सायबर सुरक्षेच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. हजर होतो मी, त्यांच्या पत्नी सरूबाई, आणि फोनच्या पडद्यावर वर्गाचे शिक्षक. पैसे पाठवण्याआधी भाऊंनी शिक्षकांना ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे धरायला लावलं. आधी पुढून, मग मागून. मग म्हणाले, "टोपी काढा जी. फोटोत टोपी नाई."

भाऊ माझे शेजारी. ऊर्जानगरजवळच्या आमच्या लेआउटमध्ये आमची कंपाउंडची भिंत एकच. उभी नोकरी त्यांनी एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी म्हणून काढली. या वयात नवी लाइन कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नवी कुठी हाय? गेट तेच हाय. आता दिसत नाई, एवढंच."

त्यांच्याकडे वाटीभर साखर मागायला गेलं तरी "कोणाले भेटाचं? काम?" होतं, आणि निघताना पिशवी तपासली जाते. सरूबाई सांगतात, "मले दाराबाहेर उभं करून म्हणते, पासवर्ड सांग. म्या म्हटलं, आत भाजी जळून राह्यली, हाच पासवर्ड."

वर्गात शिकवलेलं भाऊंनी कारखान्याच्या रिवाजाने अमलात आणलं. तिथे आग न लावता आगीची तालीम व्हायची. म्हणून भाऊंनी दुसरं सिम घेतलं आणि गल्लीत फसवणुकीची तालीम सुरू केली. मलाही फोन आला. "सर, मैं बँक से बोल रहा हूँ, आपका खाता बंद हो रहा है." मागे कुकरची शिट्टी झाली, ती फोनमधूनही ऐकू आली आणि भिंतीवरूनही. मी म्हटलं, "भाऊ, आधी गॅस बंद करा." पलीकडून गंभीर आवाज आला, "तुमी पास."

सगळी गल्ली पास झाली. नापास झाल्या फक्त समोरच्या अनसूयाबाई. माहेर सिंदेवाहीचं, नवरा गेलेला, मुलगा दूर बंगलोरला. भाऊ आवाज बदलून म्हणाले, "मॅडमजी, लाइटबिल बाकी है." बाई म्हणाल्या, "बिल राहू दे. तू जेवला का?" मग माहेरचं धान, गुडघा, सुनेचा स्वयंपाक. पाऊण तासाने भाऊ घामाघूम होऊन माझ्या अंगणात आले. "हे बाई कोणासंगही बोलते जी! नवऱ्याचा सारा पैसा त्या एका खात्यात हाय. खरा चोर भेटला तं धुऊन नेईन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी समोर बसून बाईंना सगळं समजावलं: असा फोन आला तर तो चोर समजा, लगेच ठेवून द्या. बाई "हो बाप्पा, हो बाप्पा" म्हणाल्या. संध्याकाळी फोन आल्यावर पुन्हा तेच, "आज भेंडी केली बाबू."

तेव्हापासून रोज साडेचारला फेरपरीक्षा. पुढेपुढे भिंतीवरून ऐकू येणाऱ्या बोलण्यात बँकही येईना आणि लाइटबिलही. "तेल लगाया क्या घुटने को?" एवढंच.

आणि एका दुपारी खऱ्या चोराचा फोन आला. ते बाईंनी स्वतःच गल्लीत सांगितलं. "म्या म्हटलं, थांब बाबू. मले एक चोर लागलेला हाय, रोज साडेचारले येते. माह्या गुडघ्याचं विचारते. त्याले सोडून तुले काऊन देऊ?" आणि फोन ठेवला. गल्ली पोट धरून हसली. भाऊ स्कूटर पुसत राहिले.

त्यानंतर चंद्रपूरच्या एका पतसंस्थेला सभासदांना सावध करणारा माणूस हवा होता. भाऊंना भाषणासाठी बोलावलं. पसंत पडलं तर नोकरी. मी स्कूटरवर घेऊन गेलो. अनसूयाबाई तिथल्या सभासद, त्या सरूबाईंबरोबर ऑटोने येऊन पहिल्या रांगेत बसल्या. भाऊ झकास बोलले. टाळ्या झाल्यावर मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "रामटेके, प्रत्यक्षात थांबवलेली एक फसवणूक सांगा. आजच पत्र देतो."

मी मंचावर त्यांच्या मागेच बसलो होतो, तिथून कोपर मारलं. भाऊंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"नाई जी. अजून एकही नाई."

बाहेर आल्यावर मी चिडलोच. "हाताशी केस होती, सांगितली काऊन नाई?"

"बाई समोर बसून होती. चोर म्हणजे मीच, हे तिले समजलं तं मंग बोलन का ते? शेजाऱ्याले रोज रोज गुडघ्याचं कोणी सांगते का?"

पत्र मिळालं नाही. भाषणाचे पाचशे मिळाले. त्यातले तीनशे भाऊंनी वाटेतल्या दुकानदाराला दिले, दुसऱ्या सिमच्या रिचार्जचे. साडेचार झाले तशी त्यांनी स्कूटर कडेला घ्यायला लावली. बाई केव्हाच घरी पोचल्या होत्या. त्यांचा आवाज मला शेजारी उभ्या उभ्या ऐकू येत होता.

"आला का बाबू? आज मी सभेत गेली होती. आमच्या समोरचा रामटेके बोलला. लय हुशार माणूस हाय, त्याले नोकरी द्याले पाहिजे होती." मग आवाज खाली आला. "तू आमच्या गल्लीत फिरकू नको बाप्पा. तुले धरून देईन तो."

"जी, मॅडमजी," भाऊ म्हणाले. "तेल लगाया क्या घुटने को?"