बुढा, पोट्टा आणि मेश्रामभाऊ

आमचे मेश्रामभाऊ जगातली प्रत्येक गोष्ट दोनदा पाहतात. म्हशीच्या पाठीवर बगळा बसलेला दिसला की गळ्यातला एक कॅमेरा उचलून एक फोटो, मग तो सोडून दुसरा उचलून पुन्हा तोच फोटो. बगळा तेवढा वेळ थांबला तर ठीक. उडून गेला तर भाऊ म्हशीवर रागावतात, कारण बगळ्यावर रागावून काही उपयोग नसतो.

दोन्ही कॅमेऱ्यांना नावं आहेत. जुना, काळा, विटेसारखा जड डीएसएलआर आहे तो 'बुढा'. एका इंजिनिअरसाहेबांची बदली झाली तेव्हा ते भाऊंना देऊन गेले. दुसरा 'पोट्टा', म्हणजे पोरगा, तो सुपरझूम. तो भाऊंनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतला. त्याचं भिंग काढता-बदलता येत नाही, पण बटण दाबलं की कासवानं मान काढावी तसं पुढं पुढं येतं आणि धरणाच्या पलीकडच्या काठावरचा खंड्या आपल्या अंगणात येऊन बसतो.

भाऊ इथं चंद्रपूरच्या वीज केंद्रात कोळसा विभागात होते. ऊर्जानगरच्या कॉलनीत त्यांचं क्वार्टर आमच्या क्वार्टरला लागून. मूलबाळ नाही. नोकरी चालू असतानाच त्यांची बायको, आमच्या मंदावैनी, तापानं गेल्या. कॅमेरे दोन्ही त्यानंतरचे. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तर भाऊंनी कॉलनीच्या गेटबाहेरच दोन खोल्या बांधल्या. त्यामुळे आमची काही सुटका झाली नाही.

सुटका म्हणते, कारण भाऊ नुसते फोटो काढून थांबत नाहीत. दोन्हीचे प्रिंट काढतात, प्लास्टिकच्या पन्नीत घालतात आणि फैसला मागत हिंडतात. सकाळी बसस्टॉपवर ड्युटीला निघालेली माणसं भाऊ दिसले की एकदम मोबाईलमध्ये मान घालतात. भाऊंना काही फरक पडत नाही. "फैसला तुमी करा जी," म्हणून दोन प्रिंट नाकापुढं धरतात. भाजीवाली म्हणते, "दोनी सारखेच दिसून राह्यले भाऊ, कांदे किती देऊ?"

बरं, फैसला दिला तरी तो मान्य होईल तर शपथ! मी एकदा म्हटलं, बुढ्याचा छान आलाय. झालं. "काऊन जी बाई? पोट्ट्यात पिसं पाहा ना, एकेक मोजून घ्या!" दुसऱ्या दिवशी शहाणपणानं पोट्ट्याला मत दिलं, तर म्हणाले, "अव बाई, हा का रंग व्हय? पोट्ट्यानं तं पाखरू निरम्यात धुवून टाकलं." मी शाळेत शिकवते. पोरांच्या पेपरातसुद्धा मी इतकी अडकत नाही.

बुढ्याला भिंगं दोन. एक आखूड, एक लांब. लांबट्याला पावसाळ्यात बुरशी येऊन ते निकामी झालं, तेव्हापासून भाऊ आखूड भिंग तांदळाच्या डब्यात ठेवतात. दमट हवा तांदूळ ओढून घेतो म्हणे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी वाटीभर तांदूळ उसना घ्यायला गेले, डब्यात हात घातला आणि किंचाळले. भाऊ आतून ओरडले, "सांभाळून जी, बुढ्याचा डोळा हाये तो!"

आमच्या घरी कॅमेरा घ्यायचं चाललं होतं, तेव्हा मी भाऊंनाच विचारलं, भाऊ, यातला घ्यावा तरी कोणता? त्यांनी फारच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाले, "बाई, तुमाले जवळ जायची लाज वाटते का?" मी म्हटलं, म्हणजे? "लाज वाटत असन तं पोट्टा घ्या. दुरूनच काम करते. नाई वाटत तं बुढा. त्याले आखूड भिंग, जवळ गेल्याबिगर काई देतच नाई. पन अंधारून आलं का पोट्टा आंधळा होते, बुढ्याले दिसते." आणि तुम्हाला? "मले लय लाज वाटते जी," असं म्हणून ते खरंच लाजले. आम्ही शेवटी कॅमेरा घेतलाच नाही.

पण या माणसाचे उपकार माझ्यावर पहिल्यापासूनचे आहेत, ते सांगितलंच पाहिजे. एका संध्याकाळी आमच्या लाईनीतली पोरं मागच्या मैदानात क्रिकेट खेळत होती. पलीकडच्या बाभळींखाली काहीतरी पिवळट पडलेलं. गार्ड म्हणाला, पोतं आहे. आम्ही गॅलरीतल्या बायकांनीही म्हटलं, पोतंच. भाऊंनी पोट्ट्याची मान बाहेर काढली, पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हाव, पोतं हाये. पन पोत्यानं आत्ता जांभई देल्ली." एवढं ऐकल्यावर पोरं घरात यायला किती वेळ लागतो! गार्ड केबिनमध्ये, बायका दाराआड, आणि बाहेर एकटे भाऊ, बुढा डोळ्याला लावून बाभळींखालच्या वाघाकडे चाललेले. आमच्या यांनी कॉलर धरून मागं ओढलं तर भाऊ तक्रारीच्या सुरात म्हणतात, "बुढ्याचा एकच तं राह्यला होता जी!"

तर अशा माणसाच्या हाती मी माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाचे फोटो दिले.

काही इलाज नव्हता. प्रणालीचं लग्न आम्ही माझ्या माहेरी, आरमोरीला ठेवलं होतं, ते आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. लकवा मारल्यापासून त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलंय आणि प्रवास बंद झालाय. जन्मभर रुबाबात राहिलेला माणूस. तेव्हापासून फोटो म्हटलं की खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतात. नातीसोबत आबांचा एक, फक्त एक फोटो मला पाहिजे होता. तेवढ्यासाठी मी मुद्दाम गोड बोलणारा फोटोग्राफर ठरवला होता. त्या गोड बोलणाऱ्यानं लग्नाच्या सकाळी फोन केला की त्यानं एकाच दिवशी दोन लग्नं घेतलीत आणि तो दुसऱ्या लग्नात आहे.

मी मांडवात डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात चंद्रपूरहून आमच्या कॉलनीच्या पाहुण्यांची गाडी आली आणि भाऊ उतरले, गळ्यात बुढा आणि पोट्टा. मी धावतच गेले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काढतो ना जी. एकच अट हाये. मी कोनाले 'इकडं पाहा' म्हननार नाई." मी घाईत होते. हो हो म्हटलं. नसत्या घाईत माणूस कशालाही हो म्हणतो.

वंदना झाली, पंचशील झालं, वधूवरांनी एकमेकांना हार घातले. लोक स्टेजवर चढायला लागले. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आहेर द्यायचा, नवरानवरीच्या बाजूला ताठ उभं राहायचं, हसू चेहऱ्यावर आणायचं आणि समोरून 'रेडी?' ऐकू येईपर्यंत ते धरून ठेवायचं. नवरदेवाच्या मामांनी असं हसू धरलं. धरलं ते धरलंच. समोर कोणीच नाही! मागची रांग वाढत गेली, मामांचे गाल दुखायला लागले. शेवटी ते खाली उतरून मला म्हणाले, "विहीनबाई, तुमचा फोटोवाला तिकडं आंब्याखाली उभा हाये. काय पाहून राह्यला तो?"

खरंच होतं. भाऊ जंगलात घालायचा हिरवा शर्ट घालून झाडाच्या खोडाआड उभे होते आणि पोट्ट्याची मान मांडवाकडं. माझा पारा चढला.

"अहो भाऊ, हे लग्न आहे, ताडोबा नाही!"

"बाई, पाखराले 'इकडं पाह्य' म्हटलं तं ते पाखरू राहत नाई जी."

"माझ्या व्याह्यांना पाखरू म्हणू नका!"

भाऊ आंब्याखालून निघून पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभे राहिले.

मोबाईलवर सगळ्यांनी फोटो काढले म्हणा, पण सगळ्यांनी स्वतःचेच काढले. आबांकडे जो तो मोबाईल घेऊन गेला, त्याला दुपट्टाच दिसला. प्रणाली सासरी गेली तेव्हा मी रडले, त्यातलं अर्धं रडणं फोटोचं होतं.

पुढच्या आठवड्यात भाऊ पन्नी घेऊन दारात हजर. आत या म्हटलं तरी येईनात. मी उभ्याउभ्याच प्रिंट पाहायला लागले. विहीणबाई खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेल्या. दोनदा. जावईबापू बुटातला खडा काढताहेत. दोनदा. मामा स्टेजमागं गाल चोळताहेत, तेही दोनदा. एकही माणूस समोर पाहील तर! आता हे सासरी कोणत्या तोंडानं दाखवायचे? मी तोंड उघडणार, तेवढ्यात पुढचा प्रिंट हातात आला.

मांडवामागची खाट. दिवेलागणीची वेळ. प्रणाली पांढऱ्या साडीतच आबांजवळ बसून त्यांना बुंदी भरवते आहे, आणि आबा हसताहेत. त्या वाकड्या तोंडानं, मनापासून, दुपट्टा कुठल्या कुठं. एक बुंदी मिशीत अडकलेली. याच्याच जोडीचा पोट्ट्याचा प्रिंट होता, तो नुसता रवाळ, आबा कोणते आणि खाट कोणती कळत नव्हतं. हा बुढ्याचा. सुरकुती न् सुरकुती दिसत होती.

बुढ्याचं भिंग आखूड. म्हणजे हा लाजरा माणूस आबांच्या पार जवळ गेला होता. प्रणालीला फोन केला तर म्हणाली, "हो मम्मी, भाऊ खाली जमिनीवर बसले होते ना, किती वेळ! आबांना धानाचं विचारत होते. फोटो कधी काढला, मला नाही माहीत."

मी तिथंच दारात हमसून हमसून रडायला लागले. भाऊ घाबरले. "खराब आला का जी बाई?"

"भाऊ," मी म्हटलं, "तुमचं भलं होवो. माझे वडील दिले तुम्ही मला परत."

मग ते पायरीवर टेकले. मी बुंदीचे उरलेले लाडू आणून दिले आणि विचारलं, भाऊ, एवढं आहे तर मग माणसांना जरा इकडं पाहा म्हणायला काय जातं तुमचं?

भाऊंनी लाडू पायरीवर ठेवला. "मंदाचे दोनच फोटो हायेत माह्यापाशी. एक सामूहिक विवाहातला. तिथं पंचवीस-तीस जोडपे एका रांगेत उभे केले आनि इकडं पाहा म्हटलं. दुसरा रेशन कार्डाचा. तिथंबी इकडं पाहा. दोनी फोटोत ती नुसती पाहून राह्यली, तोंड बंद करून. तुमीच सांगा बाई, तशी कधी दिसे का ती? दिवसभर तोंड चालू राहे तिचं! आता मी डोळे मिटतो तं मले तेच फोटोतलं तोंड दिसते. खरं तोंड पुसत चाललं जी."

मंदावैनींचा आवाज भिंतीपलीकडून आमच्या घरात ऐकू यायचा, कुकरच्या शिट्टीच्याही वर. मला सगळं आठवलं. पण माझ्या आठवण्याचा भाऊंना काय उपयोग?

त्या दिवशी मी माळ्यावरचे सगळे अल्बम खाली काढले. शेजार इतक्या वर्षांचा, वैनी कुठंतरी असतीलच. हळदीकुंकवाला जमतात तशा बायका प्रत्येक पानावर, पण वैनी कुठं पाठमोऱ्या, कुठं अर्ध्या कापल्या गेलेल्या. शेवटी प्रणालीच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो निघाला. मधे केक, केकपुढं रडणारी प्रणाली, सगळे समोर बघताहेत. आणि कडेला, स्वयंपाकघराच्या दारात, मंदावैनी. हातात झारा, पदर खोचलेला, तोंड उघडं, भुवया वर चढलेल्या. कोणावर तरी जोरदार खेकसताहेत. फोटोकडं त्यांचं लक्षच नाही.

मी तो फोटो घेऊन भाऊंच्या घरी गेले. भाऊ कॅमेरे पुसत बसले होते. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी चष्म्यातून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला. मग दाराशी उजेडात नेला. तिथं पाठमोरेच उभं राहून तो फडक्यानं पुसला.

मलाच राहवेना. "भाऊ, कोणावर चिडल्या असतील हो वैनी?"

"असतीन काय जी? मले मालूम हाये ना." भाऊंचा आवाज ओला होता, पण ते हसत होते. "मीच उभा हाये तिकडं, फोटोच्या बाहेर, भज्याची परात घेऊन. 'सारे भजे पोट्ट्याइले वाटले का तुमीच खाल्ले,' म्हनून राह्यली."

आणि फोटो डोळ्यांजवळ नेत, मी तिथं उभी आहे हे विसरून, हळूच म्हणाले, "नाई वं, तुह्यासाठी ठेवले ना दोन."