ब्रेक दाबला की डोळा मारणारी गाडी

"बजरंगा, तुझी गाडी मला डोळा मारायली," तुळजाबाई गाडीच्या मागून म्हणाल्या.

बजरंगनं ब्रेकवरचा पाय काढला. "आई, लाल दिवा लागतोय का तेवढं सांग."

"लाल कुठला? पिवळा लागतोय, उजव्या अंगाचा. पाय काढलास की मिटतोय."

बाकी कुठल्याही दिवशी गाडीनं डोळा मारला असता तर बजरंगला हसू आलं असतं; पण आज धाराशिवला आरटीओत गाडीची पासिंग होती. गाडीचं वय झालं होतं. पास झाली तर आणखी काही वर्षं रस्त्यावर, नापास झाली तर भंगारात, असा सरळ हिशेब होता.

हा हिशेब त्यानं पंधरवड्यापूर्वी घरात मोठ्यानं बोलून दाखवला आणि तिथंच फसला. कारण ओसरीवर बसलेले त्याचे वडील, आण्णासाहेब, एवढंच म्हणाले होते, "तिला बी?"

या दोन शब्दांत काय होतं ते बजरंगलाच ठाऊक. उन्हाळ्यात त्यानं घरची बैलजोडी विकली होती. नांगरट ट्रॅक्टरनं होत होती, वैरण विकत घ्यावी लागत होती, सगळं हिशेबाला धरून होतं. फक्त वडिलांना विचारायचं राहिलं होतं. आण्णासाहेब त्यावर "बरं" म्हणाले आणि तेव्हापासून रिकाम्या गोठ्याकडं तोंड करून बसू लागले. ते बघवेना, म्हणून बजरंगनं गाडी गोठ्यात लावायला सुरुवात केली. निदान जागा तरी रिकामी दिसू नये. आता तो गोठा दुसऱ्यांदा रिकामा करायची त्याची छाती नव्हती. पासिंग काहीही करून व्हायलाच हवी होती.

"आण्णा, गाडीला कुणी हात लावला होता का?" त्यानं विचारलं.

"आमाला काय कळतंय गाडीतलं," आण्णासाहेब म्हणाले आणि भाकरीत लक्ष घातलं. त्यांचं म्हणणं खरंच होतं. गेल्या आठवड्यात पोळा झाला. "पासिंग हाय, ह्या वर्षी गाडीला हळदकुंकू, रंगबिंग काय फासू नका, साहेब हसंल," असं बजरंगनं आधीच बजावलं होतं आणि गाडीवर एक ठिपका उमटला नव्हता. आण्णासाहेब पुरणपोळीचं ताट घेऊन सवयीनं गोठ्यात गेले आणि रिकामं ताट घेऊन परत आले, तेवढंच. कुत्र्यानं खाल्ली असेल, असं समजून कुणी विषय काढला नाही. सणाच्या दिवशी म्हाताऱ्याला कुठं दुखवायचं?

बजरंगनं मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, फ्यूज बदलला आणि पुन्हा ब्रेक दाबला. आता दोन्ही बाजूचे पिवळे लागले. इंडिकेटर दिला तर ब्रेकचा लाल दिवा लुकलुकू लागला. रोगापेक्षा औषध भयंकर, अशी गत झाली. गाडीसुद्धा एकदा खोकली, पण दिव्यांच्या काळजीत त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

लोहाऱ्याच्या रस्त्याला लागला तर मागून एसटी आली. बजरंगनं खड्डा बघून ब्रेक दाबला. एसटी करकचून थांबली. बजरंग पुढं गेला, पुन्हा खड्डा आला, पुन्हा एसटी थांबली. शेवटी चालकानं गाडी शेजारी आणून खिडकीतून डोकं काढलं.

"पाव्हणं, उजवीकडं वळायलाव म्हणून म्या थांबायलोय. तुमी वळतच न्हाय. डावीकडनं काढावं म्हणलं तर डावा लावताव. नेमकं जायचं कुठं ठरलंय का?"

"धाराशिवला."

"मंग दिवे बंद करा आन् हात दावा. हात तरी खरं बोलतोय."

बजरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एसटीतले सगळे प्रवासी खिडक्यांना लागून त्याच्याकडं बघत होते आणि त्यातले निम्मे ओळखीचे होते.

लोहाऱ्यात धोंडप्पाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. धोंडप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि तो थेट स्टिअरिंगखाली घुसला. बाहेर फक्त पाय राहिले.

"बिघाड मागं हाय की," बजरंग म्हणाला. "मागचा दिवा खोलून बघ."

"दुखणं मागं दिसतंय मालक, मूळ पुढंच असतंय," आतून आवाज आला. "माणसाचं बी तसंच. पाय दुखतोय म्हणतंय, आन् निघतंय डोक्यात."

या तत्त्वावर धोंडप्पाची फार श्रद्धा होती. त्यानं इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलला. इंडिकेटर पूर्वीच्या दुप्पट वेगानं लागू लागले. मग त्यानं वायरी ओढून एक नवी अर्थिंग दिली. त्यावर आतला दिवा आपोआप लागला आणि विझेना. बजरंगनं कपाळावर हात मारला. धोंडप्पा मात्र "हे चांगलं लक्षण हाय" असं म्हणत उठला आणि हत्यारं ठेवायला म्हणून उघडलेली डिकी त्यानं धाडकन आपटली.

ती आपटली आणि सगळं ताळ्यावर आलं. ब्रेकला लाल, डाव्याला डावा, उजव्याला उजवा. आतला दिवाही विझला.

धोंडप्पाला स्वतःलाच धक्का बसला. मग सावरून म्हणाला, "बगा. म्या म्हणलं व्हतं का न्हाय, मूळ पुढंच हाय म्हणून?"

पुढं धाराशिवपर्यंतचा रस्ता कसा आहे ते त्या रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको. गाडी दणके खात पोचली. पासिंगच्या मैदानात रांग होती. बजरंगचा नंबर आला तेव्हा त्यानं मनातल्या मनात तुळजाभवानीला हात जोडले.

"डावा द्या," तपासणी करणारे साहेब गाडीच्या मागं उभे राहून म्हणाले. डावा लागला. "उजवा." उजवा लागला. "ब्रेक."

बजरंगनं ब्रेक दाबला आणि रांगेतून एकदम हशा उठला. त्यानं आरशात बघितलं. लाल, पिवळे, पांढरे सगळे दिवे जत्रेतल्या पाळण्यासारखे लुकलुकत होते.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काय की साहेब. सकाळपासनं असंच करायली."

"वायरिंग सडलं असेल. अशी गाडी रस्त्यावर कशी सोडणार?" साहेब शिक्का मारायच्या बेतात होते. बजरंगच्या डोळ्यापुढं रिकामा गोठा आला, आणि कधी नव्हे ते तो हात जोडून बसला.

"साहेब, एकदा मागचं खोलून तरी बगा. आजवर कुणी खोललंच न्हाय."

त्याचा चेहरा बघून असेल, पण साहेबांनी स्क्रू ड्रायव्हर मागवला. उजव्या दिव्याची काच निघाली. आत बल्बांच्या मागं, अगदी नीट घड्या घालून, सोनेरी बेगड चिकटवलेली होती. आजकालची प्लास्टिकची नव्हे. जुनी, धातूच्या पत्र्याची अस्सल बेगड. दणक्यांनी ती सुटून एका बल्बाच्या बुडापासून दुसऱ्याच्या बुडाला चिकटली होती आणि याची वीज त्याला पुरवत होती. शेजारी हळदकुंकवाचं बोट उमटलं होतं.

साहेबांनी डावी काच काढली. तिथं चंदेरी होती.

"गाडीचा पोळा केलाय की काय कुणी?" साहेब म्हणाले.

बजरंग उतरून मागं आला. उजवीकडं सोनेरी आणि डावीकडं चंदेरी. त्याच्या घरी उजव्या अंगाला जुंपायचा तो हौश्या, त्याच्या शिंगांना दर पोळ्याला सोनेरी बेगड लागायची. डावा पाखऱ्या, त्याला चंदेरी. वर काही फासू नका म्हटलं म्हणून म्हाताऱ्यानं काच खोलून आतून सजवली होती. आणि मग त्याला हेही आठवलं, की त्या संध्याकाळी "मारुतीला ने" म्हणून आण्णा गाडीत बसले आणि "देवळाला एक चक्कर मारून लाव, तिकडं सावली हाय" असं म्हणाले. सूर्य मावळल्यावर कसली सावली? पोळ्याचे बैल मारुतीला फिरवतात, तशी त्यानं स्वतःच्या हातानं गाडी फिरवून आणली होती. त्याला तिथंच हसू यायला लागलं.

बेगड काढली, दिवे मुकाट्यानं सरळ झाले, गाडी पास झाली. बजरंगनं बेगड रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

परतीला तो शीळ घालत निघाला. दिवे इतके शहाण्यासारखे वागत होते, की वळण नसलं तरी इंडिकेटर द्यावासा वाटत होता. त्याचं गाव माकणी जवळ आलं आणि गाडी खोकली. पुन्हा खोकली. मग मोठा ठसका लागल्यासारखी थरथरली आणि अण्णारावच्या मळ्यासमोर बंद पडली. उन्हाळ्यापासून बजरंग या मळ्यावरून जाताना मान दुसरीकडं वळवायचा, कारण जोडी त्यानं याच अण्णारावला विकली होती.

किल्ली फिरवून फिरवून तो दमला. डिझेल तर होतं. अचानक त्याला पोळ्याचं रिकामं ताट आठवलं. त्यानं घरी फोन लावला.

"आण्णा, पोळ्याला तुमी ताट घेऊन गोठ्यात गेला व्हता. पोळी कुणाला चारली?"

आण्णांनी उलट विचारलं, "पास झाली का?"

"झाली. पोळी कुणाला चारली?"

"कुणाला म्हंजे? गोठ्यात दुसरं कोण हाय? सणाला उपाशी ठिवायचं का तिला?"

"आन् कुठनं चारली?" बजरंगचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तू पाजतोस तिथनंच की. तोंड लई अरुंद हाय बग तिचं. बारीक कुस्करली, दुधात कालवली, मंग उतरली."

बजरंग मटकन रस्त्याच्या कडेला बसला. रागवावं तर राग येईना. "बंद पडलीया ती," तो एवढंच म्हणाला. "अण्णारावच्या मळ्यापाशी."

आण्णासाहेब सावकाश म्हणाले, "मंग तिथं आपली बैलं हाईत की. हाक मार. वळखत्यात तुला."

दिवस कलता माकणीत शिरलेली वरात गावानं तोंडात बोट घालून बघितली. पुढं हौश्या आणि पाखऱ्या, त्यांच्या बाजूला कासरा धरून अण्णाराव, मागं दोरानं बांधलेली नुकतीच पास झालेली गाडी आणि तिच्या स्टिअरिंगवर खाली मान घातलेला बजरंग. घराच्या वळणावर त्यानं सवयीनं उजवा इंडिकेटर दिला. मागं उजवाच लागला. बैलांना त्याची गरज नव्हती, ते आधीच वळले होते.

आण्णासाहेब दारात उभे होते. त्यांनी गाडीकडं बघितलंच नाही. ते थेट हौश्याच्या मानेवरून हात फिरवू लागले. बजरंग खाली उतरला, खिशातून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि स्वतः हौश्याची वेसण धरून उभा राहिला.

आण्णासाहेबांनी बेगड उलगडली. सोनेरी हौश्याच्या शिंगाला लावली, चंदेरी पाखऱ्याच्या.

"आण्णासाहेब, पोळा होऊन आठवडा झाला की," अण्णाराव म्हणाला.

"तो गाडीचा व्हता. ह्यांचा आज हाय," आण्णासाहेब म्हणाले. "बजरंगा, आईला पुरण घालाय सांग. आन् पुढच्या वर्सापासनं अण्णारावला आधीच आवतण देऊन ठिव, जोडी घेऊन ये म्हणून."

"देतो," बजरंग म्हणाला.

टाकी साफ करायला धोंडप्पाला माकणीला यावं लागलं. या वेळी तो स्टिअरिंगखाली घुसला नाही, पण आतून निघालेलं पुरण बघून बराच वेळ उकिडवा बसून राहिला. गाडी पुन्हा गोठ्यात उभी राहिली. बजरंगनं फक्त टाकीच्या झाकणाला कुलूप बसवून घेतलं आणि त्याची किल्ली, दर पोळ्याच्या आदल्या रात्री, तो कमरेला बांधून झोपतो.