सासऱ्यांच्या फोनातले आठ सेकंद

लासेनं सासऱ्यांना नवा फोन भेट दिला, तिथवर सगळं ठीक होतं. पण भेट देण्याआधी त्यानं त्या फोनमध्ये आपल्या कंपनीची, अजून बाजारातही न आलेली नवी सिस्टीम घालून ठेवली. जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते काही उगाच नाही.

लासेची कंपनी फिनलंडमधल्या आमच्या ओउलूतली. फोन दुसरे लोक बनवतात आणि तो फोन चालवणारी सिस्टीम ही मंडळी बनवतात. जंगलात माणसाच्या हातातला पाव पळवणारा कुक्केली नावाचा एक पक्षी आहे, त्याचंच नाव तिला दिलंय. नव्या कुक्केलीत सोयी भरपूर होत्या. जाड हातमोजे घालूनही चालणारा पडदा होता, नदी गोठली तरी बॅटरीला मान टाकू न देणारी तजवीज होती. शिवाय एक सोय खुद्द लासेच्या हातची होती. बोलता बोलता दोन्हीकडची माणसं आठ सेकंद गप्प राहिली, तर फोन आपणहून ते बोलणं तोडायचा. ही मागणी स्पेनच्या गिऱ्हाइकाची होती. "आठ सेकंद शांतता म्हणजे आमच्याकडे एक तर लाइन गेली, नाहीतर माणूस गेला," असं तो म्हणाला होता.

चाचणी म्हणून कंपनीतल्या सगळ्यांनी महिनाभर हीच सिस्टीम वापरली. रोज ढीगभर फोन मध्येच तुटले आणि एकाचीही तक्रार आली नाही. ज्याचा तुटला त्याला वाटलं, समोरच्याचं बोलून झालं असेल. उलट 'बरं, ठेवतो मग' एवढं म्हणायचे कष्ट वाचले, म्हणून लोक खूश होते. ही सोय बंद करायचं बटणही कुणी ठेवलं नाही, कारण ते कुणी मागितलंच नाही.

आता सासऱ्यांकडे येऊ. सासऱ्यांचं नाव काउको. काउको आणि ओस्मो हे सख्खे भाऊ. कुसामो गावाच्या पुढं तळ्याकाठी दोघांच्या सामाईक मालकीचं लाकडी घर आहे. तिथं आजोबांनी बांधलेली धुराची सौना, म्हणजे धुराडं नसलेलं वाफेच्या अंघोळीचं लाकडी खोपटं, होती. एका उन्हाळ्यात ओस्मोनं ती तापवायला घेतली आणि जाळून टाकली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. घरच्यांना भांडण झाल्याचं दोन वर्षांनी कळलं, कारण त्याआधीही ते फारसं बोलत नसत. काउकोची बायको गेली तेव्हा ओस्मो आला, चर्चमध्ये शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि निघून गेला. तेव्हापासून काउको उन्हाळ्यात तळ्यावर एकटाच राहतो. तो कधी बोलून दाखवत नसला तरी भावाची त्याला फार आठवण येते, हे त्याच्या मुलीला, म्हणजे लासेच्या बायकोला ठाऊक होतं. मिर्का तिचं नाव. काकांच्या मागं लागून लागून शेवटी तिनं त्यांना कबूल करायला लावलं, की युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाआधी ते बाबांना फोन करतील.

ओस्मोनं शब्द पाळला.

"काउको?"

"हं."

"ओस्मो बोलतोय."

"हं."

"ती सौना," ओस्मो म्हणाला आणि थांबला.

एवढ्या वर्षांचं साठलेलं, ते काय एका दमात बाहेर येतं? तो शब्द जुळवू लागला. काउकोनंही भल्या माणसासारखा त्याला वेळ दिला. आठ सेकंद झाले आणि कुक्केलीनं फोन बंद केला.

काउकोनं बराच वेळ विचार केला आणि मोठ्या मनानं स्वतः उलटा फोन लावला. "मी काउको," असं म्हणून तो ओस्मोच्या उत्तराची वाट बघत राहिला. फोन पुन्हा बंद.

सकाळी ओउलूत मिर्काला दोन फोन आले.

"'ती सौना' म्हणाला आणि ठेवला," काउको म्हणाला. "जखमेवर मीठ चोळायला केला होता."

"मी माफी मागणार होतो," ओस्मो म्हणाला. "तोंड उघडलं तर यानं आदळला. वर पुन्हा फोन करून नाव ऐकवतो. भावाचं नाव विसरलो होतो का मी? झालं ते बास झालं. माझा अर्धा हिस्सा मी त्या हेलसिंकीच्या शेजाऱ्याला विकतोय. सोमवारी सही."

हा शेजारी म्हणजे तळ्यावर कराओकेचं यंत्र आणून पहाटेपर्यंत माइकवर गाणारा गृहस्थ. आता तोच काउकोच्या अंगणात येऊन बसणार होता.

"लासे," तिनं शांतपणे विचारलं, "बाबांच्या फोनला काय केलंस?"

लासेनं सांगितलं. मिर्का त्याच्याकडे बघत राहिली, चांगली आठ सेकंदांहून जास्त. मग तिनं काकांना फोन लावला.

"काका, बाबांनी ठेवला नाही. फोनच आपोआप बंद होतो."

"असा फोन कोण मूर्ख बनवील?"

"माझा नवरा."

"नवऱ्यावर ढकलू नकोस पोरी. गरीब आहे तो," ओस्मो म्हणाला आणि यावेळी खरंच फोन ठेवला.

लासेनं घाईघाईनं साहेबीणबाईंना गाठलं. "पिर्यो, नव्या सिस्टीममध्ये दोष आहे. गप्प राहिलं की फोन तुटतो."

"दोष कसला? ती तर तूच केलेली सोय आहे."

हिला कसं समजवावं, याचा लासे विचार करू लागला. विचार होईपर्यंत फोन तुटला. काम झालं असं समजून पिर्यो सणाच्या सुट्टीसाठी आपल्या बेटावर निघून गेली आणि तिथं रेंज नाही.

उरला एकच मार्ग. लासेनं सासऱ्यांना फोन केला. "बाबा, निघतोच आहोत आम्ही, फोन दुरुस्त करून देतो. तोवर काकांना लावा. पण मध्ये थांबू नका. सतत बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. हवा, मासे, डास. फक्त गप्प बसू नका, नाहीतर तुटेल."

काउको आज्ञाधारक माणूस. त्यानं आधी कॉफी पिऊन घेतली, खुर्ची ओढली आणि ओस्मोला फोन लावला.

"ओस्मो, काउको बोलतोय, ठेवू नकोस. हवा बरी आहे. काल वारा होता, आज नाही. पाणी गार आहे. डास आहेत, पण गेल्या वर्षी जास्त होते. जाळ्यात मासे लागले, लहान होते, सोडून दिले. एक मोठा होता, तोही सोडला, एकट्याला कशाला एवढा. बटाटे लावलेत. शेजारी गातो. काल वाईट गायला. परवाही वाईट गायला. होडीला डांबर लावलं. तुझी वल्ही तशीच ठेवलीत. डावं जरा चिरलंय. पाणी गार आहे, हे सांगितलं का?"

तिकडे कयानी गावात ओस्मोच्या अंगाला दरदरून घाम फुटला. उभ्या आयुष्यात काउकोनं सलग दोन वाक्यं बोलल्याचं त्याला आठवेना. त्यानं रिसीव्हर तसाच कानाला धरून बायकोचा फोन उचलला आणि रुग्णवाहिकेला कळवलं.

"माझा भाऊ बोलतोय," तो म्हणाला.

"किती वेळ?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"पाव तास होत आला. थांबतच नाही."

"प्यायलेत का?"

"प्यायला की तो आणखी गप्प होतो."

बाईचा आवाज एकदम गंभीर झाला. "पत्ता सांगा. माणसं निघालीच."

पत्ता सांगून ओस्मो अंगावरच्या घरगुती कपड्यांत गाडीत बसला.

लासे आणि मिर्का तळ्यावर पोचले तेव्हा अंगणात रुग्णवाहिका उभी होती. काउको पायरीवर बसला होता आणि त्याला अर्धांगाचा झटका आलाय का, ते एक नर्स तपासत होती. आलेल्या माणसांना कॉफी आणि वेलदोड्याचे पाव देऊन झाले होते.

"हसून दाखवा," नर्स म्हणाली.

"कशाला?" काउकोनं विचारलं.

नर्स आपल्या जोडीदाराकडे वळली. "हसता येत नाहीये."

"ते कधीच हसत नाहीत," मिर्का धावत येत म्हणाली. "त्यांना काही झालेलं नाही. माझ्या नवऱ्याला झालंय."

तेवढ्यात ओस्मोची गाडी धूळ उडवत आली. पायात सपाता घातलेला म्हातारा उतरला आणि पायरीपाशी येऊन उभा राहिला.

"बोलत होतास," तो म्हणाला.

"हं."

"मला वाटलं, चाललास."

"जावयानं सांगितलं होतं."

दोघांनी लासेकडे पाहिलं. लासे होडी बघायला गेला.

"ती सौना," ओस्मो म्हणाला आणि थांबला. नर्सनं पाव चावायचा थांबवला. तळ्यावर कुठंतरी पाणकोंबडी ओरडली, रुग्णवाहिकेच्या चालकानं दोनदा घड्याळ पाहिलं आणि मिर्काचं रडू फुटायच्या बेतात आलं. "माझ्यामुळं जळली," ओस्मोनं वाक्य पुरं केलं.

"धुराची सौना कधी ना कधी जळतेच," काउको म्हणाला.

याहून मोठी क्षमा आमच्याकडे कुणी करत नाही. नर्सनं पाकिटातून रुमाल काढून डोळे टिपले, कागदावर 'रुग्ण ठणठणीत, गप्प झाला' असं लिहिलं आणि ती मंडळी निघून गेली. ओस्मो पायरीवर भावाशेजारी बसला.

"काका, सोमवारची सही?" मिर्कानं हळूच विचारलं.

"सोमवारी सौनेचा पाया खणायचाय," ओस्मो म्हणाला.

आता वातावरण निवळलंय असं पाहून लासे होडीकडून परत आला. हातात वायर आणि लॅपटॉप होता. "बाबा, फोन द्या. ती आठ सेकंदांची सोय आत्ता काढून टाकतो."

काउकोनं फोन खिशात सरकवला. "राहू दे."

"पण मग काकांशी बोलायचं कसं? पुन्हा तुटेल."

"आम्हाला कुठं बोलायचं असतं," काउको म्हणाला. "गप्प बसायचं असतं. आणि या फोनवर ते जमत नाही. गप्प बसायला आता त्याला इथंच यावं लागेल."

ओस्मोनं सपाता काढून बाजूला ठेवल्या आणि पाय लांब केले.