हलगी टेक्नोची हद्द

कोणत्याही गोष्टीची व्याख्या करून हवी असेल, तर बेलाशक माझ्याकडे या! आमच्या शिवाजी पेठेतल्या तरुण मंडळाची घटना मीच लिहिली आहे. ‘सभासद कोणास म्हणावे’ या एका कलमावर मी महिनाभर घाम गाळला आणि शेवटी इतकी काटेकोर व्याख्या केली, की मंडळात माझ्याखेरीज कुणी सभासदच उरलं नाही! मग ती गुपचूप बदलावी लागली, तो भाग वेगळा.

त्यामुळे मंडळानं यंदा ‘हलगी टेक्नो’ची स्पर्धा घ्यायची ठरवली, तेव्हा नियम कोण लिहिणार हा प्रश्नच नव्हता. हलगी म्हणजे आपली कुस्तीच्या मैदानात कडकडते ती. टेक्नो म्हणजे लॅपटॉपमधून धाड धाड धाड निघणारं परदेशी संगीत. दोन्ही एकत्र वाजलं, की पोरांचे पाय जमिनीवर राहत नाहीत. जो जिंकेल, त्याला मंडळाच्या वर्धापनदिनाला मोठ्या स्टेजवर तासभर वाजवायला मिळणार होतं.

नावं आली दोनच. एक राजवीर, सगळ्या मिरवणुकांना साउंड पुरवणारा. आणि दुसरी क्रांती. क्रांती म्हणजे माझी मुलगी! इंजिनिअरिंगला आहे आणि गेलं वर्षभर कानांवर हेडफोन चढवूनच घरात वावरते. मंडळाच्या स्टेजवर आजवर एकाही मुलीनं काही वाजवलेलं नव्हतं. ते तिला वाजवायचं होतं, आणि इतकं मनापासून वाजवायचं होतं, की तिनं हेडफोन काढून आम्हाला तसं सांगितलं.

“पप्पा, मी वाजवणार म्हणजे वाजवणार!”

“वाजव की! पण माझा वशिला चालणार नाही.”

“वशिला मागितलाय कुणी?” आमच्या सौभाग्यवती, अनुजा, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “तुमी फकस्त मधी तडमडू नका.”

परीक्षक म्हणून गडहिंग्लजचा वीरेश आला. बंगळूरला राहून हेच संगीत शिकलेला, केसांची शेंडी बांधलेला, शांत पोरगा. नियमांच्या बैठकीला मी, तो, राजवीर आणि मंडळाचे अध्यक्ष कृष्णात. कृष्णातचा दुधाचा धंदा आहे, आणि तो कानात सांगतो ते गल्लीच्या टोकाला ऐकू जातं.

“अण्णा, टेक्नो म्हणजे मिनिटाला एकशेतीस ठोके तरी पायजेत,” वीरेश मला म्हणाला. “लई खाली आलं की ते टेक्नो ऱ्हात न्हाई, हाऊस होतंय. लई वर गेलं, वर सूर लांबवलं, की ट्रान्स.”

“ट्रान्स म्हंजे काय आनि?” कृष्णातनं विचारलं.

“त्यात माणूस तंद्रीत जातो.”

“मग आमच्या मंडळाचा खजिनदार जन्मापासनं ट्रान्समधीच हाय की!”

पुढचा वाद हलगीवर. ती किती वाजली पाहिजे? राजवीरचं म्हणणं, एकदा वाजली तरी बास.

“एकदा?” कृष्णात उसळला. “कटात एक मटकी टाकून त्येला मिसळ म्हनशील व्हय रं?”

तिथून चर्चा मिसळीवर गेली. कटाला तर्री म्हणावं का, पावाऐवजी ब्रेड चालेल का, पुण्यातल्या मिसळीला मिसळ म्हणायला कायद्यानं बंदी घालता येईल का! बऱ्याच वेळानं आम्ही संगीतावर परत आलो, तेव्हा सगळ्यांना कडकडून भूक लागली होती आणि माझी व्याख्या तयार होती. मी उभा राहिलो.

“हलगी टेक्नो म्हणजे असे संगीत, की ज्यात हलगी अखंड वाजते, ज्याचा वेग टेक्नोच्या खाली उतरत नाही, आणि ज्यात कोल्हापूरचा असा एक तरी आवाज आहे, जो इतर कोणत्याही गावात ऐकू येत नाही!”

टाळ्या पडल्या. मी मान लववून त्या स्वीकारल्या.

मग वीरेशनं दोघांचे नमुने ऐकले. राजवीरनं मध्येच ‘नाद खुळा’ अशी आरोळी घातली होती, तो पास झाला. क्रांतीचं वाजायला लागलं आणि वीरेशनं डोळेच मिटले. हलगी अशी कडाडत होती, की माझाही पाय टेबलाखाली हलायला लागला. मी तो दुसऱ्या पायानं दाबून धरला. नि:पक्षपातीपणा म्हणजे नि:पक्षपातीपणा!

“लई भारी हाय अण्णा,” वीरेश डोळे उघडून म्हणाला. “पर ह्यात कोल्हापूरचा आवाज कुठं हाय?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला.

“नियम म्हणजे नियम. बाद!”

त्या दिवशी रविवार होता. रविवारी आमच्या घरी तांबडा रस्सा नाही, असं लग्नानंतर कधी घडलेलं नव्हतं. माझ्यासमोर दुधी भोपळ्याची भाजी आली! क्रांतीच्या खोलीचं दार बंद होतं. भाजी घशाखाली उतरेना. भोपळ्यामुळे म्हणा, पण खरं सांगतो, पोरीच्या त्या बंद दारामुळेच. पण मी हटलो नाही. दाराबाहेर उभा राहून म्हणालो, “नियमाप्रमाणे नमुन्यात दुरुस्ती करायला एक दिवसाची मुभा आहे बरं का!”

दार उघडलं. डोळे लाल होते, पण हनुवटी वर होती.

“कोल्हापूरचाच आवाज पायजे न्हवं? आणतो बघा.”

सकाळी ती मोबाईल घेऊन बाहेर पडली ती थेट कृष्णातच्या गोठ्यावर. कृष्णातला कोण आनंद! त्यानं आपली सायलेन्सर काढलेली मोटारसायकल बाहेर घेतली आणि मोबाईलसमोर अशी काही पिळली, की समोरच्या गॅलरीतली कबुतरं उडाली.

“घे पोरी! ह्यो आवाज गावात दुसऱ्या कुनाकडं मिळाला, तर मिशी काढीन!”

मी तिथंच होतो, आत म्हैस दाव्याला हिसके देत होती. अख्खी पेठ तिथं होती. पण एकाच्याही डोक्यात ट्यूब पेटली नाही!

संध्याकाळी स्पर्धेला मैदान भरलं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना राजवीरच्या स्पीकरची भिंत. पहिल्यांदा राजवीर वाजवून गेला, बरं वाजवलं. मग क्रांती स्टेजवर चढली. माझ्या छातीत जी धडधड सुरू झाली, ती निश्चितच एकशेतीसच्या वर होती. हलगी कडाडली. ठोका सुरू झाला. पोरं नाचायला लागली. आणि मग त्या सगळ्या स्पीकरमधून एकदम कृष्णातची गाडी गरजली. वीरेशनं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. माझी पोर हद्दीत आली होती! मी आनंदानं अर्धा उठलो, तेवढ्यात मागून कुणीतरी किंचाळलं.

“म्हैस! म्हैस आली!”

आता बाहेरगावच्या वाचकांना सांगितलं पाहिजे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून पळवतात. पुढे मालकाची मोटारसायकल, मागे म्हैस. त्यासाठी मालक तिला वर्षभर आपल्या गाडीच्या आवाजाची सवय लावतो. तो आवाज आला, की ती जग सोडून त्याच्यामागे पळते. कृष्णातची मैना तर या बाबतीत पेठेची शान! आणि मैदानामागच्याच गल्लीतल्या गोठ्यात बांधलेल्या मैनाला आज मालकाची गाडी डोंगराएवढी होऊन हाका मारत होती.

ती दावं तोडून आली. गर्दी दुभंगली. राजवीर मांडवाच्या खांबावर चढला, वीरेश टेबलावर. मैना सरळ स्पीकरपाशी गेली, थांबली आणि तिनं तो प्रेमानं चाटायला सुरुवात केली.

घाबरून क्रांतीनं संगीत बंद केलं. मैनानं मान वर केली. गाडी गेली कुठं? ती फुरफुरली आणि शिंगं वळवून वीरेशच्या टेबलाकडे निघाली.

“बंद करू नगंस, वाजीव!” कृष्णात ओरडला. “गाडी गेली वाटतंय तिला! म्या खरी गाडी आनतो, तवर वाजीवत ऱ्हा!”

आणि क्रांतीनं वाजवलं! हलगी वर, गाडी खाली, गाडी वर, हलगी खाली. मैना शांत व्हावी म्हणून तिनं वेग हळूहळू उतरवत नेला. पांगलेली माणसं एकेक करून परतली आणि लांबून का होईना, डोलायला लागली. मैना डोळे मिटून रवंथ करत होती. स्टेजवर माझी पोर, कपाळावर घाम आणि तोंडभर हसू. माझे डोळे भरून आले. यात लाजायचं काय?

शहाण्या माणसानं इथंच घरी जायला हवं होतं. पण टेबलावरून वीरेशचा आवाज आला, “अण्णा, वेग खाली आलाय! हे हाऊस झालं. नियमात बसत न्हाई.”

तोवर कृष्णात पेट्रोल संपलेली गाडी ढकलत येऊन पोचला होता. “म्हशीला चाललं, तुला का चालंना पावणं?”

“म्हशीची आवड म्हणजे व्याख्या न्हवं!”

“म्हशीला गप बसवती ती व्याख्या, दुसरी कुठली रं?”

वाद पेटला. आता निकाल देणं माझं कर्तव्यच होतं! मी ताडताड स्टेजवर गेलो. क्रांती मानेनं नाही नाही म्हणत होती, अनुजा खालून दोन्ही हात हलवत होती. मी माईक घेतला.

“रसिकहो! सदरचे संगीत हलगी टेक्नोच्या हद्दीत येते किंवा कसे, याबाबत...”

मैनानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. आणि शेपटी वर करून ती जी उधळली! वाटेत तो खांब आला, ज्यावर राजवीर होता. मांडव, राजवीर, टेबल आणि वीरेश, सगळे एकदम खाली आले. सुदैवानं मांडव मऊ होता, कुणाला लागलं नाही. मैना अंधारायच्या आत रंकाळा तलावावर सापडली, शिंगात टेबलक्लॉथ.

दुसऱ्या दिवशी कृष्णात घरी आला.

“वर्धापनदिनाला क्रांतीच वाजीवनार,” तो म्हणाला. “राजवीरनं सोताहून नाव काढलं. मंडळाचं एकमत झालं.”

“एकमत? मला बैठकीला बोलावलं नाही?”

“म्हनूनच झालं की! आनि पाडव्याला समद्या म्हसवाल्यांनी पोरीलाच सुपारी दिलीया.”

क्रांतीनं आईला मिठी मारली. माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण ताणलं. “शाब्बास! मग दोन्ही कार्यक्रमांचं निवेदन मी करतो. आधी प्रकाराची थोडक्यात व्याख्या सांगेन...”

कृष्णातनं एकदा अनुजाकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

“त्येच सांगाय आलोय, धैर्यशीलराव. तुमचा आवाज ऐकल्यापासनं मैना दूध देईना झालीया.”

हल्ली त्या गोठ्यावरून जाताना मी खोकतसुद्धा नाही.