किडामुंगीची पसंती

आंबेघोल गावात मुलीच्या घरातल्या किडामुंगीनं मुलाचं घर बघून होकार दिल्याशिवाय लग्न ठरत नाही. गावाला यात वावगं काही वाटत नाही. मुलीचे काका-मामा तासभर येतात, पोहे खातात आणि "घर हवेशीर आहे" म्हणून निघून जातात. मुलीला उठता-बसता पाहिलेलं असतं ते तिच्या खोलीतल्या पालीनं आणि कपाटामागच्या कोळ्यानं. तिचं कुठं जमेल हे त्यांनाच कळायचं. नगरपरिषदेत या कामासाठी एक टेबल आहे, छापील अर्ज आहे, आणि पाहणी अधिकारी म्हणून ढवळीकर आहेत.

विश्राम तारळेकर छत्तीस वर्षांचा होता आणि शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. त्याचा जीव जडला होता वाचनालयातल्या रोहिणी खानविलकरवर. एकदा त्यानं परत केलेल्या पुस्तकातून एक चंदेरी कसर बाहेर पडली. दुसऱ्या कुणी पुस्तक धाडकन मिटलं असतं. रोहिणीनं तिच्यापुढं पोस्टकार्ड धरलं, ती वर चढेपर्यंत वाट पाहिली आणि तिला जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर सोडलं. "जेवण अर्धवट राहिलं असेल हो तिचं," ती म्हणाली. त्या दिवसापासून विश्राम न वाचताही रोज पुस्तक बदलायला जाऊ लागला.

रोहिणीचा होकार होता. तिच्या आईवडिलांचा होता. उरली होती फक्त पाहणी, आणि तिचा नियम कडक होता. एका जोडीला पाहणी एकदाच मिळते. नकार आला की विषय कायमचा मिटला.

पाहणी रविवारी दहा वाजता ठरली. विश्रामला लहानाचं मोठं करणाऱ्या इंदूआत्यानं, पाहुणे येणार म्हटल्यावर कुठलीही शहाणी बाई करील तेच केलं. तिनं घर साफ केलं. आठ दिवस ती पदर खोचून उभी होती. जाळी झाडली, फरशी फिनेलनं पुसली, तांदूळ उन्हात घातले, कपाटांत डांबराच्या गोळ्या टाकल्या, उंबऱ्याला मुंग्यांचा खडू ओढला आणि वर कडुनिंबाची धुरी दिली. शिडी विश्रामनंच धरली होती. पाहुण्यांपुढं घर लख्ख हवं, यात त्यालाही काही चुकीचं दिसलं नाही.

ढवळीकर दहाला दोन मिनिटं कमी असताना आले. त्यांच्या हातात भोकं पाडलेला स्टीलचा डबा होता. उंबऱ्यावरचा खडू त्यांनी रुमालानं पुसला, डबा बैठकीच्या मधोमध ठेवला आणि यादी वाचली.

"पाल, एक, ज्येष्ठ सदस्य. कोळी, उड्या मारणारा, एक. कसर, दोन. काळ्या मुंग्या, अकरा. पैकी एक केवळ हजेरीपुरती."

डबा उघडला. मुंग्या ओळीनं उतरल्या आणि आत्यानं बशीत मांडलेल्या रवा-साखरेशी थांबून मिशांना मिशा लावून बोलल्या. कोळ्यानं एका उडीत विश्रामच्या वडिलांच्या तसबिरीवर जाऊन आठही डोळ्यांनी बैठक पाहिली. कसरी पंचांगात शिरल्या. पाल भिंतीवर चढली आणि दिव्याच्या बटणाशेजारी बसली.

"घ्या ना, लाजू नका," आत्या मुंग्यांना म्हणाली. "कमी-जास्त सांगा हं."

"यजमान पक्षाकडून कोण आहे?" ढवळीकरांनी विचारलं.

"आम्ही दोघं," विश्राम म्हणाला.

"तुम्ही माणसं. माणसांचा रकाना खाली आहे. मी घरातल्यांबद्दल विचारतोय. पाहुण्यांचं स्वागत कोण करणार?"

आत्यानं विश्रामकडं पाहिलं. विश्रामनं लखलखत्या फरशीकडं पाहिलं. तिच्यात त्याचा पडलेला चेहरा स्वच्छ दिसत होता.

"अग बाई," आत्या म्हणाली. "मी सगळ्यांना काढलं की रे!"

भिंतीवर पाल चुकचुकली. ढवळीकरांनी घड्याळ पाहिलं. "शंका. दहा वाजून अकरा मिनिटं," असं म्हणत त्यांनी नोंद केली. "अकरापर्यंत घरचं कुणी पुढं आलं नाही, तर मला नकार लिहावा लागेल. माझा नाइलाज आहे."

मग जी धावपळ उडाली, ती काही विचारू नका. डबे उपडे झाले, पाटा उचलला गेला. तांदळात एक सोंडा मिळेना. गाद्या झटकल्या, तर ढेकूणसुद्धा नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आत्याला त्याचं दुःख झालं. कुंपणावरून शेजारच्या मालूताई ओरडल्या, "आमच्याकडची दोन झुरळं देऊ का? चांगली धष्टपुष्ट आहेत!"

"शेजारून आणलेला जीव ग्राह्य नाही," ढवळीकर म्हणाले. "आभारी आहे."

विश्राम बॅटरी घेऊन पोटावर आडवा झाला. छत्तीस वर्षं या घरात राहून घर त्यानं या उंचीवरून कधी पाहिलं नव्हतं. रोहिणी आत्ता वाचनालयात बसून उगाच कार्डं लावत असेल, आणि आपण तिला काय सांगणार? घर फार स्वच्छ निघालं, म्हणून? त्याला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात कपाटामागं, भिंतीच्या तळाशी, त्याला सिमेंटचा एक कपचा दिसला. भोपळ्याच्या बीएवढा, चपटा, राखाडी. कपच्याच्या एका टोकातून डोकं बाहेर आलं. ते आत गेलं आणि दुसऱ्या टोकातून बाहेर आलं.

"आत्या!" विश्राम किंचाळला. "हे चालतं!"

"ते होय? ते प्लास्टर आहे," आत्या म्हणाली. "कितीदा झाडू मारला त्याच्यावर. निघेना, म्हणून सोडून दिलं."

ढवळीकरही पोटावर आडवे झाले. त्यांनी भिंग काढलं. "पाकीटधारी अळी," ते आदरानं म्हणाले. "मिळेल त्या धुळीचं घर विणते आणि ते घेऊनच हिंडते. पण ही इथलीच, याला पुरावा?"

त्यांनी भिंग विश्रामकडं दिलं. पाकिटात आत्याचा मेंदी लावलेला लाल केस विणलेला होता. शाळेतल्या खडूची पूड होती. मधोमध निळ्या लोकरीचा एक धागा होता. विश्रामनं तो लगेच ओळखला. वडिलांच्या स्वेटरचा रंग होता तो. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती, स्वेटर कुणालातरी देऊन टाकला होता, आणि घरात कुणाकडंच नसलेला तो धागा या अळीनं जपून ठेवला होता. आत्यानं भिंगातून पाहिलं आणि ती पदरानं डोळे पुसत राहिली.

"पुरावा पुरेसा आहे," ढवळीकर म्हणाले. "यजमानाला हात लावू नका. त्यानं स्वतः पुढं आलं पाहिजे."

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. यजमान निघाले. डोकं काढलं, पाकीट ओढलं, दम घेतला. असं करत ते वीतभर आले, आणि तेवढ्यात पाल भिंतीवरून खाली उतरली आणि थेट त्यांच्यापुढं येऊन थांबली.

"अहो, ती खाईल त्याला!" आत्या ओरडली.

"नियम चार. पाहणीच्या काळात पाहुण्यांनी यजमानांना खाऊ नये," ढवळीकर म्हणाले. पण त्यांचाही आवाज बारीक झाला होता.

पालीनं यजमानांना पाहिलं. यजमानांनी एका टोकातून पालीला पाहिलं, मग दुसऱ्या टोकातून पाहिलं. पालीनं जीभ काढली आणि आपलाच डोळा चाटला. मग ती बाजूला सरली. मागून मुंग्या आल्या. त्यांनी बशीतला साखरेचा एक दाणा उचलून आणला होता. तो त्यांनी पाकिटापुढं ठेवला. हजेरीपुरती आलेली मुंगीसुद्धा वाकली.

दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ढवळीकरांनी शिक्का मारला. "होकार. अट एकच. लग्नाला यजमानांनी हजर असावं, आणि आपल्या पायांनी यावं." विश्रामनं आत्याला उचलून गरगर फिरवलं. मालूताईंनी कुंपणापलीकडून शिट्टी वाजवली.

मांडव अंगणातच घातला. मुहूर्त गुरुवारी सकाळी दहा-एकवीसचा होता, म्हणून यजमान सोमवारीच निघाले. चार दिवस सगळं घर त्यांना वळसा घालून चाललं आणि केरसुणी खुंटीवर राहिली. तरी गुरुवारी मंगलाष्टकं संपली, तेव्हा ते मांडवाच्या खांबापासून हातभर लांब होते. भटजींनी घसा खाकरून आणखी म्हणायला घेतली.

"कुठवर आले?" अंतरपाटापलीकडून रोहिणीनं हळूच विचारलं.

"दम घेतायत," विश्राम म्हणाला.

"घेऊ दे की."

आत्या नव्या पैठणीत जमिनीवर बसली. तिनं अंबाड्यातला एक लाल केस उपटला आणि त्यांच्या वाटेवर ठेवला. यजमान थांबले, केस आत घेतला, नीट विणला आणि पुढं निघाले. सतराव्या मंगलाष्टकाला ते खांबाला लागले. भटजींनी अंतरपाट बाजूला केला.

सगळ्यांनी अक्षता जपून टाकल्या.