दिगांबर मास्तरांची करणी

दिगांबर मास्तर टरबूज घेतानाही विचारायचे, "याच्या आत काय दडून हाये?"

"लाल हाये मास्तर," देऊळघाटचा माळी म्हणायचा.

"तू आत जाऊन आला काय बे?"

बुलढाण्याच्या शाळेत ते बीजगणित शिकवत, मी ड्रॉइंग. आम्ही शेजारीच राहायचो. माणूस असो की आकडा, मास्तरांचा कुणावर विश्वास नसे. वर्गात म्हणत, "बारा दिसाले साधा, पण त्याच्या पोटात चार लपून बसला हाये. त्याले दोन करून मुळाबाहेर काढा, आत तीन राहू द्या!"

एका वर्षी ते शाळा सुटली की वह्यांचा गठ्ठा घेऊन थेट घरी जाऊ लागले. दार-खिडक्या बंद. आतून आवाज यायचा, "करणीले करणीनं गुण!" ज्याचं मूळ पुरतं निघत नाही त्याला पुस्तकात करणी म्हणतात, हे गल्लीतल्या सखूबाईला काय माहीत? नेमकी तिची म्हैस आटलेली.

"मास्तर करणी करून राह्यला!" तिनं गल्लीभर सांगितलं. लोक त्यांच्या दारावरून जाईनात. मलाही संशय होताच. हल्ली मास्तर समोरून येऊनही ओळख देत नसत.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. "पाहून ये. नागपूरचा इन्स्पेक्टर येऊन राह्यला. त्याच्या कानावर गेलं तं नोकरी जाईन त्यायची."

मी दार वाजवलं. यमुनावहिनींनी उघडलं. हातात लाल पेन्सिल.

"कोन हाये?" मास्तर दचकले. मी त्यांच्या पुढ्यातच उभा होतो.

"मी, शंकर."

मास्तरांनी बाजूची चटई चाचपून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "आलाच तं बस. वाच वं."

वहिनी वाचू लागल्या, "करणी बारा गुणिले करणी तीन."

"करणी छत्तीस. म्हणजे सहा. पोरानं काय लेहलं?"

"सहाच."

"नीट पाह्य."

"अवो, सहाच हाये!"

"मंग दे बरोबर." माझ्याकडे अंदाजानं वळून ते म्हणाले, "दोन वर्सं झाले, आकडे पुसट होत गेले, आता तं दिसतच नाहीत मले. डोळे जाऊन राह्यले हे समजल्याबरोबर हिले अक्षरापासून शिकवलं."

हेडमास्तरांना मी सांगितलं, मास्तर वह्या तपासतात. इन्स्पेक्टर आला, मास्तरांनी तोंडपाठ गणितं फळ्यावर सोडवली, तो खूश होऊन गेला.

त्या संध्याकाळी मी भेटायला गेलो. वहिनी पाणी आणायला आत गेल्या तसा मास्तरांनी आवाज खाली आणला.

"शंकर, तू चित्रं काढतं, तुले रंग समजतात. हिचे केस पांढरे झाले काय रे? तिले इचारलं तं नाही म्हणते."

वहिनी तांब्या घेऊन दारातच थांबल्या होत्या. पदराखालची बट पांढरीशुभ्र होती.

"काळेभोर हायेत," मी म्हणालो.

मास्तर हसले. वहिनींनी पदर आणखी पुढं ओढला.